पायाजवळचा कोपरा

खैरनार सरांना कुणी ‘सेटिंगवाला पंच’ म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. मागे सिडकोतल्या एका लग्नात जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे दोघंजण उभे होते. जुन्या कबड्डीच्या गप्पा चालल्या होत्या. एकजण म्हणाला, “तो खैरनार नव्हता का, शिष्याच्या संघाला जिंकून द्यायचा तो?” मी हातातली ताटली टेबलावर आपटली आणि विचारलं, “तुम्ही होतात का हो मैदानावर?” नव्हता. “मग तोंड सांभाळून बोला.” नवरा माझा दंड ओढत होता, लोकांचं लग्न आहे म्हणत होता. असू दे लग्न.

मी होते मैदानावर. मी महापालिकेच्या शाळेत खेळ शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी जिल्हाभर कबड्डीची पंच म्हणून फिरायचे. कबड्डीत मैदानाच्या दोन बाजूंना दोन पंच समोरासमोर उभे असतात. नव्वदच्या दशकात बरीच वर्षं एका बाजूला खैरनार सर असायचे आणि समोर मी. त्यांना माझ्याइतकं समोरून कुणी पाहिलेलं नाही.

सर मूळचे देवळ्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बुटका, रुंद माणूस. खेळून खेळून दोन्ही कान चुरगळलेले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि पँटची इस्त्री अशी की त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, आधल्या दिवशी दुसरं काम सुचत नसे. सामन्याच्या गावी सगळ्यांच्या आधी पोहोचायचे, चपला काढायचे आणि अख्खं मैदान अनवाणी चालायचे. पायाला खडा लागला की तो उचलून खिशात. शेवटी सगळे खडे आयोजकांच्या टेबलावर ओतायचे. “हे तुमच्या पोरांच्या गुडघ्यात जाणार होते,” एवढंच म्हणायचे. फक्कीची रेघ वाकडी असली तर पुसून पुन्हा मारायला लावायचे, मग पाहुणे खोळंबले तरी चालतील.

सामना संपेपर्यंत आयोजकांचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. एकदा निफाडकडे एक पुढारी स्वतः कप घेऊन आला. सर म्हणाले, “ठेवा तिथं. शिट्टी वाजली की पितो.” पुढाऱ्याला ते झोंबलं, पण सामना संपल्यावर सरांनी तो साय धरलेला, गारढोण चहा सगळ्यांदेखत पिऊन टाकला आणि वर “लय झ्याक” म्हणाले.

निर्णयावरून संघ भांडायला लागला तर सर आवाज चढवत नसत. मध्यरेषेवर सरळ मांडी घालून बसायचे, खिशातले शेंगदाणे काढायचे आणि खात राहायचे. “भांडून झालं की सांगा.” दोन-तीन मिनिटांत भांडणारेच कंटाळायचे. भयंकर रागीट माणूस होता, पण राग मैदानाबाहेर ठेवायचा. एसटीत बसल्यावर मात्र जो सुटायचा, तो नाशिक येईपर्यंत. रंग चढला की तोंडात अहिराणी यायची. “काय शे हाई?”, म्हणजे हे काय चाललंय, असं सुरू झालं की मी खिडकीकडे तोंड करायचे.

मला पुरुषांच्या सामन्याला उभं त्यांनीच केलं. चांदवडला आयोजक त्यांना कोपऱ्यात घेऊन कुजबुजायला लागले. “सर, बाई कशी चालंल? गडी उघडे असतात, अंगाला अंग लागतं...”

“मग कपडे घाला म्हणावं गड्यांना.”

“तसं नाय सर, लोक काय म्हणतील?”

“हिला पंचपरीक्षेत माझ्यापेक्षा जास्त मार्क हायेत. उभे राहू तर दोघं, नायतर दोघं एसटीत बसू. बोला लवकर.”

मी उभी राहिले. पहिल्याच अर्ध्या डावात माझा एक निर्णय चुकला. परतीच्या गाडीत सरांनी मला अशी फाडली की मला रडू फुटलं. त्यांच्याकडे कौतुक फुकट मिळत नसे, आणि चुकीला माफी अजिबात नव्हती. स्वतःच्या चुकीलाही नाही. पुढे हेच त्यांना नडलं.

सातपूरच्या कामगार वसाहतीत ते संध्याकाळी पोरांना शिकवायचे. त्यांचा एकच कडक नियम होता. चढाई करणारा तुम्हाला शिवून परत गेला की हात वर करायचा आणि आपणहून मैदानाबाहेर जायचं. पंचानं पाहिलं असो, नसो. जो पोरगा गप्प उभा राहील त्याला दुसऱ्या दिवशी मैदानात घ्यायचे नाहीत. दिलीप हा त्यांचा सगळ्यात लाडका गडी. कोपऱ्यात खेळायचा. घोटा पकडला की सुटका नाही. एका अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला त्याच्या बोटाला नुसता स्पर्श झाला, कुणाला दिसलंही नाही, आणि त्यानं हात वर केला. सामना हरले. वसाहतीतली पोरं त्याच्या अंगावर धावून गेली. सरांनी त्याला घरी नेलं आणि काकूंना पुरणपोळी करायला लावली. काकू म्हणाल्या, हरलेल्या सामन्याची पुरणपोळी मी पहिल्यांदा केली. हाच दिलीप पुढे एका बड्या मंडळाचा प्रशिक्षक झाला. त्याचं नाव घ्यायचं माझ्या जिवावर येतं, पण घेतल्याशिवाय हे सांगता येत नाही.

साठी ओलांडल्यावर सरांच्यात काहीतरी बदलायला लागलं. द्वारकेच्या चौकात मी एकदा लुनावर होते आणि पुढे सर सायकलवर. बाजूनं एक रिक्षा येत होती. चांगली दुरून येत होती, उन्हात पिवळीधमक दिसत होती. सर समोर बघत सरळ तिच्यापुढे. रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक दाबला. सर उतरले आणि त्यालाच झाडायला लागले, “कुठून उपटला रे तू?”

मी म्हटलं, “सर, तो केव्हाचा येत होता.”

“येत होता तर मला दिसला नसता का?”

माणसाला जे दिसत नाही, ते आपल्याला दिसत नाही हेही दिसत नाही. घरी जेवायला बसले आणि बोलायला लागले की बाजूचं पाण्याचं भांडं लवंडायचंच. काकूंनी मुकाट्यानं भांडं ताटाच्या पुढे ठेवायला सुरुवात केली. मला म्हणाल्या, “हे आजकाल समोरचंच बघतात गं. पेपर वाचत असले नि मी शेजारी उभी असले, तरी स्वयंपाकघराकडे तोंड करून मला हाका मारतात.” आम्ही दोघी हसलो. मोतीबिंदू असेल म्हणून डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत. तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा सरांनी घडाघडा वाचली होती. झालं! मग ते भेटेल त्याला सांगत सुटले, “शेवटची ओळ वाचली मी, शेवटची!”

मैदानावर पंच जिथे उभा असतो, तिथून एक कोपरारक्षक त्याच्या अगदी पायाजवळ असतो, दोन हातांवर. सर चढाई करणाऱ्याचा हात बघत असले, की पायाजवळच्या त्या कोपऱ्यावर काय झालं हे त्यांच्या नजरेतून निसटायला लागलं. मला समोरून स्वच्छ दिसायचं. चढाई करणाऱ्याचा पाय कोपऱ्याच्या नडगीला लागला, आणि सर मधल्या गड्याकडे बघताहेत. एकदा मी हातानं खूण केली. सरांनी सगळ्या मैदानादेखत हात झटकला, “तू तुझा कोपरा सांभाळ!” मला इतका संताप आला की परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी बोलले नाही.

आता असं निसटणं दोन्ही संघांना सारखंच नडलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारा झाला. पण ते सारखं नडत नव्हतं. दिलीपच्या संघाच्या वेळी ते जास्त व्हायचं, आणि नेहमी त्याच्या फायद्याचं. प्रेक्षकांतून ओरडा सुरू झाला. “ओ सर, शिष्य जिंकतोय ना?” “सेटिंग, सेटिंग!” मलाही कळेना की हे असं का. मग एका मध्यंतरात मी पाणी प्यायला दिलीपच्या संघाच्या घोळक्यामागे गेले आणि कानांनी ऐकलं. दिलीप पोरांना सांगत होता, “कोपरा, पाय लागला तरी हलू नको. लागलं की मध्यवाल्यानं पाय आपटायचा, जोरात ओरडायचं. म्हातारा तिकडं बघंल. त्याला एका वेळी दोन गोष्टी नाय दिसत.”

डोळ्यांच्या डॉक्टरला जे कळलं नव्हतं ते ह्या नालायकाला कळलं होतं! बायकोला कळलं नव्हतं, मला कळलं नव्हतं, आणि ह्यानं कसं ओळखलं? कारण सरांची नजर कुठे जाते हे तो लहानपणापासून शिकला होता, त्यांच्याच मैदानावर. मी त्याला तिथेच धरला. “लाज नाही वाटत? सरांनी काय शिकवलं होतं तुला?”

तो हसला. “बाई, पंचाला दिसत नाय त्याला आम्ही काय करायचं? हात वर करून घरी जायचं? ते दिवस गेले.”

मी सरांना एसटीत सांगितलं. त्यांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. म्हणाले, “दिलीप असं नाय करणार.” मला वाटलं, ह्या माणसाला आता धरून हलवावं. पण पुढच्याच सामन्यात त्यांनी स्वतःच ताडून पाहिलं. हट्टानं त्या कोपऱ्यावरच डोळे रोवले. कोपरा बरोबर दिसला, पण मधला गडी शिवला गेला ते पार निसटलं. मैदान पेटलं. चपला आल्या, खडे आले. सर मध्यरेषेवर बसले नाहीत त्या दिवशी. उभेच राहिले, खांदे पाडून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले तर काकू पदर खोचून बाहेरची भिंत घासत होत्या. कुणीतरी चुन्यानं मोठ्या अक्षरांत ‘सेटिंग’ लिहून ठेवलं होतं. काकू रडत नव्हत्या. नुसत्या घासत होत्या. सर दारात उभे राहून म्हणत होते, “राहू दे. राहू दे म्हणतो ना!” आयुष्यभर कुणाचा गरम चहा प्यायला नाही, त्या माणसाच्या भिंतीवर हे.

मीच त्यांना माझ्या मैत्रिणीच्या मुलीकडे नेलं. ती मेंदूची डॉक्टर, कॉलेज रोडला नवाच दवाखाना टाकलेला. तिनं सरांना समोर बघायला लावलं आणि बाजूनं पेन पुढे आणलं. सरांना लगेच दिसलं. विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं त्यांच्या हातात मासिक दिलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. सर वाचत राहिले. पेन बाजूनं आलं, कानाच्या पुढे आलं, मासिकाच्या कडेपर्यंत आलं. सर वाचतच होते.

“काका, पेन दिसलं?”

“कुठलं पेन?”

तिनं शांतपणे समजावलं. डोळे चांगले आहेत. पण वय वाढलं की लक्षाचा घेर लहान होतो. मन एका जागी गुंतलं की कडेचं गळून पडतं. हा आजार नाही. कुणाला लवकर येतं, कुणाला उशिरा, पण येतं बहुतेकांना.

“औषध?”

“औषध नाही काका. एका वेळी एकच काम करायचं. गर्दीत सायकल नको.”

“मी पंच हाय,” सर म्हणाले. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो झिडकारला. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. माणूस अजून शिल्लक होता.

त्याच महिन्यात जिल्ह्याच्या संघटनेनं चौकशीसाठी बैठक बोलावली. पंचवटीतल्या एका शाळेच्या वर्गात. टेबलामागे पाच पदाधिकारी, सगळे साठीच्या पुढचे, एकेकाळचे खेळाडू. दिलीपलाही बोलावलं होतं. तो काय म्हणाला ऐका. म्हणाला, “सर मला वडिलांसारखे आहेत. त्यांनी आम्हाला झुकतं माप दिलं असेल तर ते आपणहून. मी कधी मागितलं नाही.” काय ही जीभ! मी उभी राहिले आणि मध्यंतरात ऐकलेलं सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “बाई, तुम्ही त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. तुम्ही असंच बोलणार.” दिलीपनं मान हलवली. पोरांना असलं काही शिकवल्याचं त्याला आठवतच नव्हतं.

सरांपुढे दोनच वाटा होत्या, आणि त्या त्यांना चांगल्या ठाऊक होत्या. गप्प बसले तर बेइमान ठरणार. खरं बोलले तर शिट्टी कायमची जाणार. त्या शिट्टीशिवाय त्यांच्याकडे दुसरं होतं काय? पेन्शन आणि पेपर.

सर उठले. टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून अध्यक्षांच्या हातात दिलं. “साहेब, ही बातमी मोठ्यानं वाचा.”

“हे काय आता?”

“वाचा तर. आणि बाई, तू खडू घे नि त्यांच्या बाजूनं हळूहळू पुढं ये. साहेब, खडू दिसला की थांबा.”

अध्यक्ष वाचायला लागले. मी खडू धरून बाजूनं पुढे येत गेले. ते वाचत राहिले. खडू त्यांच्या चष्म्याच्या दांडीजवळ आला तरी वाचत राहिले. कांद्याच्या भावाची बातमी होती, पूर्ण वाचून काढली. मग चिटणिसांची पाळी. तेही तसेच. तिसरे आधी हसले आणि स्वतः चुकल्यावर चिडले, म्हणाले बाईनं खडू उशिरा आणला. चौथ्यांना जरासा आधी दिसला. पाचव्यांनी पेपर हातात घेतलाच नाही.

“मलाबी असंच होतं,” सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “मी चोर नाय. म्हातारा हाय. लिवा. उद्यापासून मी मैदानात उभा राहणार नाय. पण ह्याला विचारा, ह्याला माहीत व्हतं का नव्हतं.”

दिलीप खिडकीबाहेर बघत बसला. आणि त्या पाच जणांनी त्याला विचारलं नाही! मी ओरडले, “विचारा ना त्याला!” तर चिटणीस म्हणाले, बाई, खाली बसा. शेवटी ठरावात काय लिहिलं? ‘प्रकृतीच्या कारणास्तव श्री. खैरनार यांनी पंच म्हणून निवृत्ती घेतली.’ बस्स. बेइमानीचा आरोप खोटा होता, असा एक शब्द नाही. लोकांनी त्याचा सरळ अर्थ लावला. सेटिंग पकडलं, म्हणून काढला. स्वतःची शिट्टी देऊन त्या माणसानं जे विकत घ्यायला बघितलं, ते त्याला मिळालंच नाही.

चार दिवसांनी दिलीप पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. सरांनी त्याला उंबऱ्यातच उभं केलं. “घरात नको बोलू. मैदानावर बोल, माईकवर. जिथं मला शिव्या बसल्या तिथं. मग पेढे खाऊ.”

“सर, जाऊ द्या ना आता.”

सरांनी दार लावून घेतलं. पेढ्यांचा पुडा बाहेरच्या कट्ट्यावर राहिला, शेजारच्या पोरांनी खाल्ला.

मग काही वर्षं गेली. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आले, मॅटवरचे सामने आले. दिलीपचा दिलीपराव झाला आणि दिलीपरावाचा संघटनेचा अध्यक्ष. काकू गेल्या. सर घराबाहेर फारसे पडत नसत. मी गेले की मला चहा करून द्यायचे. आधी कप भरायचे, मग बोलायचे. दोन्ही एकदम करत नसत.

देवळ्याला मोठी स्पर्धा ठरली आणि जुन्या पंचांचा सत्कार करायचं संघटनेनं जाहीर केलं. मला वाटलं, सर निमंत्रण फाडून टाकतील. पण त्यांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, “बाई, तो माईकवर बोलणार असंल का गं?” त्यांच्या तोंडावर आशा होती. ती बघून मला दिलीपचाच नव्हे, सरांचाही राग आला. इतकं होऊनही आशा कसली ठेवता? पण ते काही मी बोलले नाही. “बघू सर, जाऊ तर,” म्हटलं.

गेलो. सरांनी पांढरा शर्ट, पांढरी पँट घातली होती. इस्त्री स्वतः केलेली, त्यामुळे घडी दोन ठिकाणी पडलेली. गावची माणसं पाया पडत होती. दुपारी व्यासपीठावर दिलीपरावांनी माईक हातात घेतला. सर पुढच्या खुर्चीवर ताठ बसले.

“खैरनार सर माझे गुरू,” दिलीपराव म्हणाले. “वयामुळे सरांकडून शेवटी शेवटी काही चुका झाल्या. त्यावरून बरंच बोललं गेलं. पण मी सांगतो, आम्ही मनात काहीही ठेवलेलं नाही. आम्ही सगळं विसरलो आहोत.”

टाळ्या! लोकांनी टाळ्या वाजवल्या! ज्यानं लुटलं तो म्हणतो, मी माफ केलं. मी सरांकडे बघितलं. ते टाळ्या थांबायची वाट बघत होते. बहुधा त्यांना वाटत होतं, तो अजून काही बोलेल. तो बोलला नाही. त्यानं शाल उलगडली आणि सरांचं नाव पुकारलं.

सर उठले. एकेक पायरी बघून वर चढले. दिलीपराव व्यासपीठाच्या मध्यावर, जरा बाजूला सरून उभे होते. दोन्ही हातांत उघडलेली शाल, चेहऱ्यावर फोटोसाठी हसू. सर मान न वळवता नाकासमोर चालत आले. शालीची झालर त्यांच्या कोपराला घासून गेली असेल, इतक्या जवळून. आणि तसेच चालत पुढे गेले, पलीकडच्या पायऱ्यांपर्यंत. फोटोवाल्याचा फ्लॅश नुसत्या शालीवर पडला. लोक हळहळले. माझ्यामागची एक बाई म्हणाली, “अरेरे, बिचाऱ्याला बाजूचं दिसतच नाय का काय!”

मी धावत पलीकडच्या पायऱ्यांशी गेले आणि हात पुढे केला. ह्या वेळी त्यांनी तो धरला. मैदानावर मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. वर दिलीपराव अजून शाल धरून उभे होते. घडी घालावी की न घालावी हे त्यांना कळत नव्हतं.

मी हळूच म्हटलं, “सर, तो शाल घेऊन उभा होता तुमच्या बाजूला.”

“दिसला की,” सर म्हणाले. “चांगला दिसला. चल, गाडी चुकंल.”